दुष्काळासाठी घातलेली वाट

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील बरीच कुटुंबे युरोपच्या सहलीला जाऊ लागली आहेत. रोम, लूर्द, फातिमा ही तीर्थस्थाने पाहून झाली, की त्यांतील काही जण उत्तरेकडे वळतात आणि नॉर्वेची आगगाडी पाहून येतात. ‘पाहून येतात’ असे मी मुद्दाम म्हणतो. कारण तिथे आगगाडी हे केवळ कुठे जाण्याचे साधन राहिलेले नसून तीच एक प्रेक्षणीय वस्तू झाली आहे. ओस्लोहून निघालेली गाडी सुमारे सात तासांत पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन बंदरास पोहोचते. वाटेत ती १,२०० मीटरांहून अधिक उंचीवरच्या ओसाड पठारावर चढते, आणि भर जून महिन्यातही तिथे रुळांच्या आसपास बर्फ दिसते. मिरदाल नावाच्या स्थानकावरून एक फाटा खाली फ्लोमच्या खाडीकडे उतरतो. अवघ्या २० किलोमीटरांत ती गाडी ८६० मीटरांहून अधिक खाली येते, आणि मधेच एका धबधब्यासमोर प्रवाशांना छायाचित्रे घेता यावीत म्हणून थांबते. परतलेली मंडळी ही छायाचित्रे मोठ्या कौतुकाने दाखवतात, आणि ते कौतुक योग्यच आहे.

परंतु छायाचित्रात न येणारी एक गोष्ट त्या मार्गाच्या इतिहासात आहे. हा लोहमार्ग घातला गेला तेव्हा नॉर्वे आजच्यासारखा श्रीमंत देश नव्हता. समुद्राखालचे तेल सापडायला अजून पाऊणशे वर्षे अवकाश होता, आणि पोटासाठी लक्षावधी नॉर्वेजियन माणसे अमेरिकेची वाट धरीत होती. पैसा कमी म्हणून कार्ल पिल या त्यांच्या अभियंत्याने पुष्कळ ठिकाणी अरुंद रुळांचे मार्ग घातले. बर्गेन ते व्होस हा पहिला तुकडा १८८३ साली सुरू झाला तोही अरुंदच होता. पुढे डोंगर ओलांडून राजधानीपर्यंत जाण्याचा निर्णय १८९४ साली त्यांच्या संसदेने घेतला, आणि १९०९ साली राजा सातवा होकोन याच्या हस्ते संपूर्ण मार्गाचे उद्घाटन झाले. खर्च देशाच्या एका वर्षाच्या अंदाजपत्रकाएवढा आला असे सांगतात. गरीब देशाने स्वतःच्या संसदेत वाद घालून, स्वतःचा पैसा घालून, आपली दोन शहरे एकमेकांस जोडली.

त्याच काळात, म्हणजे १८८० च्या दशकात, आपल्याकडेही एक लोहमार्ग घातला जात होता. पुण्याहून निघून सातारा आणि सांगली या आजच्या दोन जिल्ह्यांतून मिरजेस आणि पुढे बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा हा मार्ग. त्याचेही रूळ खर्च वाचावा म्हणून अरुंद, एक मीटर रुंदीचे घातले गेले. त्याच्याही वाटेत डोंगर आणि बोगदे होते. मात्र तो कोणत्याही संसदेत आपल्या माणसांनी वाद घालून ठरवलेला नव्हता, आणि दोन शहरे जोडणे हा त्याचा पहिला हेतूही नव्हता. तो दुष्काळासाठी घातला गेला. आपल्यापैकी अनेकांनी या गाडीने शेकडो वेळा प्रवास केला असेल. परंतु ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८७६ ते १८७८ या दुष्काळाने दख्खनची दशा करून टाकली. मुंबई इलाख्यात विजापूर, सोलापूर, बेळगाव, धारवाड यांच्याबरोबर सातारा जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुकेही त्यात होरपळले. माण, खटाव, खानापूर या तालुक्यांची नावे तेव्हापासून आजतागायत दुष्काळाच्या प्रत्येक यादीत सापडतात. संपूर्ण हिंदुस्थानात या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली असा अंदाज केला जातो. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते बांधणे, तलाव खणणे अशी ती कामे होती. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव ही त्या काळातील दुष्काळी कामाचीच एक खूण आहे. परंतु या कामांवरील मजुराला द्यावयाच्या धान्यावर सर रिचर्ड टेंपल यांनी कात्री चालवली आणि दिवसाला एक पौंड, म्हणजे आजच्या भाषेत साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे सुटे पैसे, एवढ्यावर पुरुषाला दिवसभर खडी फोडावयास लावले. हजारो मजुरांनी ते काम सोडून दिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली, आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून हकिगती गोळा केल्या आणि सरकारला त्या वाचावयास लावल्या. त्या सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, ते मूळचे साताऱ्याचे होते, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा.

दुष्काळ संपल्यावर चौकशी समिती नेमली गेली. तिने १८८० साली अहवाल दिला, आणि दुष्काळात धान्य पोहोचवण्यासाठी देशात हजारो मैलांचे नवे लोहमार्ग तातडीने घातले पाहिजेत असे सांगितले. त्यातूनच १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी इंग्लंडमध्ये स्थापन झाली. भांडवल विलायतेतील भागधारकांचे, आणि त्यावरील व्याजाची हमी मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून, असा तो व्यवहार होता. कंपनीने प्रथम होटगी-गदग हा मार्ग हाती घेतला. पाठोपाठ पुणे-मिरज-लोंढा हा पश्चिम दख्खनचा मार्ग तुकड्यातुकड्याने पुरा होत गेला आणि १८९० पर्यंत पुण्याहून लोंढ्यापर्यंत गाडी धावू लागली. कोल्हापूर संस्थानाने मिरज-कोल्हापूर फाटा बांधला, तो १८९१ साली सुरू झाला.

दुष्काळाशी लढण्यासाठी रेल्वे, ही कल्पना ऐकावयास सुंदर वाटते. पण तिला दुसरी बाजू होती. आगगाडी धान्य आणते तसे नेतेही. १८७६-७८ मध्ये लोक मरत असताना हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच होती. दादाभाई नौरोजी आणि पुढे रमेशचंद्र दत्त यांनी वारंवार विचारले, की सरकार रेल्वेवर एवढा पैसा ओतते, तर कालव्यांवर का नाही? दुष्काळी माणसाला आधी पाणी हवे की रूळ? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत रूळ तयार होते, गाड्या धावत होत्या, बाजारात धान्यही येत होते. तरीही मुंबई इलाख्यात लाखो माणसे गेली, कारण ते धान्य विकत घ्यावयास त्यांच्याजवळ पैसा नव्हता. रेल्वेने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण भुकेल्याला अन्न देणे हे दयेचे कृत्य आहे असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. धान्य भुकेल्याच्या गावापर्यंत नेऊन ठेवणे आणि ते त्याच्या पानात वाढणे यांत मोठे अंतर आहे, हे त्या २५ वर्षांनी दाखवून दिले.

आता आपण गाडीत बसू. दिवसा प्रवास करावयाचा तर मुंबईहून कोल्हापूरला जाणारी कोयना एक्सप्रेस बरी. पुणे सोडल्यावर गाडी शिंदवण्याचा घाट चढून जेजुरीला येते. खंडोबाची टेकडी गाडीतून दिसते, आणि भंडाऱ्याने माखलेली माणसे डब्यात चढली की अख्खा डबा पिवळा होतो. मग वाल्हे, जिथे वाल्मीकींची समाधी दाखवतात. मग नीरा. या नदीने पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. ज्ञानेश्वरांच्या पालखीतील पादुकांना इथेच स्नान घालतात. लोणंद, सालपे ही स्थानके मागे टाकून गाडी आदर्कीचा घाट चढू लागते. माझ्या मते या सबंध मार्गावरील हा सर्वांत देखणा तुकडा आहे. नॉर्वेचे बर्फ इथे नाही. पण पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरात, डोंगराच्या कुशीतून वळसे घेत आणि बोगद्यांतून जात गाडी वर येते, तेव्हा खाली हिरव्या-पिवळ्या शेतांचे चौकोन पसरलेले दिसतात. त्या दृश्यासाठी कोणी तिकीट काढून येत नाही, एवढाच काय तो फरक. एप्रिलमध्ये याच ठिकाणी खिडकीबाहेर पाहिले, तर तांबूस माती आणि करडे दगड यांवाचून काही नजरेस पडत नाही. हा मार्ग कशासाठी घातला गेला हे समजावयाचे असेल, तर एप्रिलमध्येच यावे.

घाट चढल्यावर वाठार येते. आज इथे गाडी क्षणभर थांबते आणि निघते. पण एके काळी हे मोठे मातबर स्थानक होते. महाबळेश्वर आणि पाचगणीला जाणारे साहेबलोक, संस्थानिक, पारशी व्यापारी इथे उतरत आणि टांग्याने वाईमार्गे घाट चढत. मोटारी आल्या, पुण्याहून सरळ रस्ता झाला आणि वाठारचे दिवस संपले.

पुढे साताऱ्याची गंमत आहे. साताऱ्यास आगगाडी येते आणि येत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे मराठ्यांच्या राजधानीचे शहर कृष्णेच्या पश्चिमेस आहे, आणि लोहमार्ग नदीच्या पूर्वेकडून जातो. मीटरगेजच्या काळात तर प्रवाशाला पाडळी गावाजवळच्या ‘सातारारोड’ नावाच्या स्थानकावर उतरून पुढे शहरापर्यंत मैलोगणती वाट तुडवावी लागे. याच सातारारोडला सर धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला, आणि स्थानकाचे नावच गावाला चिकटले. ब्रॉडगेज करताना मार्ग बदलून तो शहराच्या जवळ आणला गेला. आजचे सातारा स्थानक माहुलीजवळ आहे. कृष्णा-वेण्णेचा संगम, जुनी घाटदार देवळे आणि न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव म्हणून माहुलीची कीर्ती. तरीही रेल्वेने उतरलेल्याला सातारा गाठण्यासाठी रिक्षा करावीच लागते. शहराची सोय पाहून रूळ घातले गेले नाहीत, जमिनीचा चढउतार पाहून घातले गेले, हे नकाशा उघडताच कळते.

साताऱ्याचे नाव आले की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. तरी त्यांची भजने आपल्याही उपासनेत शिरली आहेत, आणि मराठी ख्रिस्ती माणसाची जीभ त्यांनी सोडवली हे कबूल केलेच पाहिजे. टिळकांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती आगगाडीच्या डब्यात. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला चालले असता डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. काव्यावर, धर्मावर बोलणे झाले. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. विलायती भांडवलावर, धान्य आणि कापूस वाहण्यासाठी घातलेल्या रुळांवर काय काय वाहिले जाईल याचा हिशेब कोणत्याही कंपनीने मांडलेला नव्हता! हेच टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन राहिले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परक्या चालीचे चर्च नको, या मातीतले ख्रिस्तभक्तांचे कुटुंब हवे, हा त्यांचा ध्यास होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर आपण संस्कृतिसंगमाच्या ज्या गोष्टी बोलू लागलो, त्या या माणसाने जवळजवळ अर्धे शतक आधी साताऱ्यात करून पाहिल्या. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, त्यांचा अंत झाला आणि दरबाराचे काम वाढीस लागण्याआधीच खुंटले.

कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर करीत गाडी कऱ्हाडला येते. इथेही तोच प्रकार; स्थानक शहरात नाही, ओगलेवाडीला आहे. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या घरात ‘प्रभाकर’ कंदील नक्की असेल. तो इथला. ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या हद्दीत काचेचा कारखाना उभारला आणि वडिलांचे नाव कंदिलाला दिले. वीज नसलेल्या किती खेड्यांत नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा या कंदिलांच्या उजेडात झाली असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

शेणोलीजवळ मात्र खिडकीतून पाहण्यासारखे काही नाही. साधे लहान स्थानक, बाजूला ऊस. पण ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथे गाडी अडवली. रुळांवर दगड रचले होते. गाडीत रेल्वे नोकरांच्या पगाराची रक्कम होती, ती काढून घेण्यात आली. जी. डी. बापू लाड आणि ‘कॅप्टन भाऊ’ रामचंद्र लाड हे कुंडलचे दोघे या मोहिमेचे पुढारी. नाना पाटलांच्या प्रतिसरकारने त्या काळात साताऱ्यातील शेकडो गावांत इंग्रजांचा अंमल कागदावरच ठेवला होता. मुलांना सातवी आज्ञा शिकवणाऱ्या धर्मगुरूला या प्रसंगाविषयी जरा जपून बोलावे लागते. पण ज्या सरकारने या मुलुखातील मजुराच्या धान्यातून रोज मूठमूठ काढून घेतली, त्याच्या हिशेबाची वही त्या पिढीने आपल्या परीने तपासली, असे मला वाटते. त्या दिवशी गाडीतील प्रवाशांना लुटले नाही, सरकारची रक्कम नेली, हे या मंडळींनी म्हातारपणीही आवर्जून सांगितले.

इथून पुढे कृष्णा उजव्या हाताला, कधी जवळ तर कधी दूर, अशी सोबत करते. पश्चिमेकडे तिची काळी माती आणि उसाचे मळे. पूर्वेकडे डोंगरांच्या पलीकडे खानापूर, आटपाडी. ताकारी स्थानकाचे नाव आता एका उपसा सिंचन योजनेचे नाव झाले आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या तीन योजना कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत नेतात. दादाभाई आणि दत्त जो प्रश्न विचारीत होते, त्याचे उत्तर द्यावयास या भूमीला शंभर वर्षे लागली. वाटेत आणखी एक उत्तर याच जिल्ह्यात सापडले होते, त्याचा उल्लेख केला पाहिजे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास आपल्या भागात एक प्रयोग सुरू केला. मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, हे त्याचे सूत्र. १९७२ च्या दुष्काळात ते राज्यभर उपयोगी पडले आणि १९७७ साली त्याचा रोजगार हमीचा कायदा झाला. त्या दुष्काळात गावोगावी वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो ज्यांनी खाल्ला आहे, ते अजून त्याची चव विसरलेले नाहीत. आपल्या कॅथलिक संस्थाही त्या अन्नवाटपात होत्या. पण टेंपलसाहेबाच्या एका पौंडापासून कामाच्या हक्काच्या कायद्यापर्यंतचा रस्ता सातारा-सांगलीच्या माणसांनीच पुष्कळसा चालून काढला, हे मला अधिक मोलाचे वाटते.

किर्लोस्करवाडीचे मूळ नाव कुंडलरोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून उठले आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी नांगराचा कारखाना थाटला. स्थानक जवळ होते म्हणूनच हे धाडस शक्य झाले. लोखंड गाडीने येई आणि नांगर गाडीने जात. पुढे याच माळावरून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली आणि रेल्वे टपालाने महाराष्ट्रभर गेली. बाजूला वस्ती नाही, शहर नाही, आणि मराठी मध्यमवर्गाचे विचार घडवणारी मासिके एका आडस्थानकावरून निघत आहेत, असे दृश्य आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात दुसरे सापडणार नाही.

भिलवडीवरून गाडी सांगलीस येते. सांगलीलाही मूळ मार्गाने वगळलेच होते. शेवटी संस्थानानेच १९०७ साली मिरजेपासून आपला छोटा फाटा करून घेतला. रूळ रुंद झाले, १९७१ पर्यंत पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज पुरी झाली, तेव्हा कुठे मुख्य मार्गाचे स्थानक म्हणून सांगलीचे नाव लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये याच सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले होते आणि लोकांना नावांतून बाहेर काढावे लागले. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला त्याच उन्हाळ्यात जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या.

आणि मिरज. आपल्या समाजातील जुन्या पिढीला मिरज म्हटले की फलाटच आठवतो. गोव्यात पोर्तुगीज हद्दीतील मार्मगोवा ते कॅसलरॉक ही रेल्वे १८८८ साली झाली आणि लोंढ्याला या मार्गाशी जोडली गेली. कोकण रेल्वे होईपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, मुंबई-पुण्याच्या गोवेकर कॅथलिकांचा गावी जाण्याचा लोहमार्ग हाच होता. १९७१ नंतर पुण्याकडून येणारी गाडी ब्रॉडगेज आणि गोव्याकडे जाणारी मीटरगेज, त्यामुळे मिरजेला उतरून गाडी बदलणे आले. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, पेंगुळलेली मुले, हातात जपमाळ घेतलेल्या आज्या, असे संसारच्या संसार या फलाटावरून त्या फलाटावर जात. संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन असे त्या वर्षी तर फलाटावर पाय ठेवावयास जागा नसे. रुळांबरोबर माणसेही इथे येऊन राहिली. गार्ड, ड्रायव्हर, फिटर, कोणी गोव्याचे, कोणी मद्रासकडचे, अशी कॅथलिक कुटुंबे रेल्वेच्या वसाहतींत स्थायिक झाली. जिथे धर्मगुरू राहावयास नव्हता तिथे तो गाडीनेच येई, आणि मिस्सा करून गाडीनेच परत जाई. आपली कित्येक लहान धर्मग्रामे अशा फेऱ्यांतूनच रुजली आहेत.

मिरजेचे दोन मोठे पुरुष याच रुळांशी जोडलेले आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी शल्यविशारदाने १८९४ साली इथे रुग्णालय उघडले. जंक्शन असल्यामुळे चारी दिशांनी रुग्ण गाडीने येऊ लागले आणि मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे आरोग्यकेंद्र झाले. दुसरे उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याच्या या थोर गायकाने मिरजेला घर केले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत अस्वस्थ वाटू लागले, म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच परमेश्वराचे नाव गात त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथे देशभरचे गायक हजेरी लावतात.

मिरजेला आणखी एक गाडी येत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बांधलेली बार्शी लाईट रेल्वे, अवघ्या अडीच फुटी रुळांची. कुर्डुवाडी-बार्शी हा तिचा पहिला तुकडा १८९७ चा. ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. १९७१ नंतर कित्येक वर्षे मिरजेत रुंद, मध्यम आणि अरुंद असे तिन्ही प्रकारचे रूळ एकाच स्थानकात होते. वारकऱ्यांनी लगडलेली ही गाडी इतकी सावकाश चाले, की तिच्यावर विनोद करणे हा त्या भागातील माणसांचा वारसाहक्कच होता. २००० नंतरच्या दशकात तीही टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

त्या बदललेल्या मार्गावरून ११ एप्रिल २०१६ रोजी एक गाडी निघाली. लातूर शहरात पिण्यास पाणी उरले नव्हते. राजस्थानात कोटा येथे आतून धुऊन काढलेल्या टाक्यांचे दहा वाघिणींचे वाहन मिरजेच्या स्थानकात उभे केले गेले, त्यात कृष्णेचे सुमारे ५ लाख लिटर पाणी भरले गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते लातूरला पोहोचले. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरांची गाडी सुरू झाली आणि पावसाळा येईपर्यंत तिच्या खेपा चालू राहिल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळात धान्य नेण्यासाठी जे लोहमार्ग घातले, त्यांवरून आता पाणी जात होते. मिरजेकरांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही, हे त्यांचे मोठेपण. तहानलेल्याला पाणी पाजण्याचा प्रसंग एरवी एखाद्या तांब्यापुरता येतो. इथे सबंध गावाने सबंध शहराला पाणी पाजले.

ही गाडी आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव या स्थानकांवरून जाई. मग जतरोड येते. सातारारोड आणि कुंडलरोड यांच्याप्रमाणे हेही ‘रोड’च, जत शहर तिथून दूर आहे. त्या उन्हाळ्यात जत तालुक्यातही गावोगावी टँकर फिरत होते. पाण्याने भरलेल्या वाघिणी रात्री त्यांच्या शिवेवरून लातूरकडे जात आणि रिकाम्या होऊन परत येत. म्हैसाळ योजनेचे पाणी तोवर तालुक्याच्या पश्चिम भागापर्यंत पोहोचू लागले होते, पूर्वेकडील गावांना मात्र ते मिळाले नव्हते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी याच गावांच्या जुन्या ठरावाची आठवण काढली. पाणी मिळणार नसेल तर आम्ही त्या राज्यात जातो, असे त्या गावकऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी लिहून दिले होते.